रविवारी येते

"ताई, तुमचा मेथीचा उपाय लागू पडला हो!"

गणपती पेठेतल्या कापडाच्या दुकानात हर्षदा मगदूम अस्तराचा रंग जुळवत उभी होती. शेजारच्या बाईंनी तिचा हात धरला आणि गुडघा वाकवून दाखवला. "बघा. गेल्या आठवड्यात तुम्हाला लिहिलं होतं ना, जिना चढवत नाही म्हणून? आज दोन मजले चढून आले."

हर्षदानं या बाईंना आधी कधीही पाहिलं नव्हतं. त्यांचा गुडघा, तो जिना, तो मेथीचा उपाय, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तरी ती हसली आणि म्हणाली, "अरे वा, छान झालं. पण चालणं सोडू नका बरं का."

"तुम्ही तेच लिहिलं होतंत!" बाई खूश होऊन म्हणाल्या.

वर्षभरात तिला याची सवय झाली होती. बँकेत, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी अनोळखी माणूस जवळ यायचा आणि तिनं न केलेल्या गप्पांचे आभार मानायचा. सुरुवातीला तिनं एका निवृत्त मास्तरांना विचारलं होतं, "मी कधी म्हणाले असं?" त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा पडला की त्या दिवसापासून तिनं कुणालाही काही विचारायचं सोडून दिलं.

हे सगळं करत होता 'पडसाद'.

नदीवेस रेडिओवर सकाळी नऊ ते बारा हर्षदाचा कार्यक्रम असे, गेली चौदा वर्षं. रोज ती एक साधा प्रश्न विचारायची. आज डब्यात काय? शाळेतल्या कुठल्या मैत्रिणीची आठवण येते? श्रोते पाच आकडी नंबरावर संदेश पाठवायचे. दिवसाला तीन-तीन हजार संदेश यायचे, त्यातले वीस ती वाचून दाखवायची. उरलेले तसेच पडून राहायचे, आणि घरी जाताना तिला उगाच अपराधी वाटायचं. कुणीतरी मन मोकळं केलं आणि आपण 'हूं'सुद्धा म्हटलं नाही.

मग रेडिओनं पुण्याच्या एका कंपनीकडून पडसाद आणला. अंगठ्याला ठसा असतो तसा बोलण्यालाही असतो, असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. त्याला ते 'वाक्-ठसा' म्हणत. माणूस कुठल्या शब्दावर थांबतो, समोरचा रडला की आधी काय बोलतो, चेष्टा कधी करतो, गप्प कधी बसतो, हे सगळं मिळून तो ठसा बनतो. हर्षदाच्या चौदा वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवरून आणि तिच्या स्वतःच्या फोनमधल्या संदेशांवरून त्यांनी तिचा ठसा घेतला. तिनं एका कागदावर सही केली होती. त्या दिवसापासून प्रत्येक श्रोत्याच्या प्रत्येक संदेशाला तिचं उत्तर जाऊ लागलं. काही सेकंदांत, नाव घेऊन, आपुलकीनं. आणि गप्पा संपता संपता एखादं वाक्य यायचं: अमुक दुकानात चांगल्या चपला आल्यात, माझं नाव सांगा. जाहिरात म्हटली की माणूस कान बंद करतो. हर्षदाताईंनी सुचवलं की तो दुकानाचा पत्ता विचारतो. जाहिरातदारांची रांग लागली होती.

हर्षदाला संध्याकाळी फक्त एक कागद मिळायचा. किती संदेश आले, किती जण पुन्हा बोलले, आणि 'सखोल संवाद' किती. हे सखोल संवाद म्हणजे रोज, महिनोन्‌महिने लिहिणारे श्रोते. गेल्या महिन्यात ते दोनशेच्या वर गेले तेव्हा केंद्रप्रमुख अजिंक्य शेटेनं सगळ्यांना पेढे दिले होते.

*

सोमवारी कार्यक्रम संपवून ती बाहेर आली तेव्हा जिन्याच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. डोक्यावरची टोपी हातात घेतलेली, बोटांच्या पेरांवर वार्निशचे न जाणारे डाग. तिनं नऊ वर्षांनी पाहूनही लगेच ओळखलं. तिच्या थोरल्या बहिणीचे, पद्मजाअक्काचे यजमान. जयसिंगपुरात त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, वायंडिंगचं दुकान होतं.

"दाजी? तुम्ही? आत या, बसा."

"बसत नाही. उभ्याउभ्या सांगतो अन् जातो." भरतेशदाजी मान खाली घालून बोलत होते. "हर्षे, यायचं नसंल तर नको येऊस. माझं काही म्हणणं नाही. पण येते म्हणून कळवत जाऊ नको. चार रविवार झाले. सकाळी आठला ती केस विंचरून घेत्या. हिरवं पातळ नेसवून मागत्या. अन् खिडकीकडं तोंड करून बसत्या. दुपारी आडवी करतो तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतंय."

हर्षदाला काही कळेना. "येते म्हणून कोण कळवतं?"

दाजींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "तूच की."

"अक्काला काय झालंय?"

आता दाजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. "असं काय विचारत्यास? रोज सकाळ-संध्याकाळ विचारत्यास की तिला. हातपाय लुळे पडत चाललेत. नसांचा आजार आहे, डॉक्टर म्हणतात हा मागं फिरत नाही. पाण्याची गादी तूच सांगितलीस. मिरजेच्या डॉक्टरचं नावसुद्धा तूच दिलंस."

हर्षदाला पडसादचा तो संध्याकाळचा कागद आठवला: 'सखोल संवाद', दोनशेच्या वर.

दोघी बहिणींत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. पुराच्या त्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली तेव्हा हर्षदा तीन दिवस रेडिओच्या खोलीतून हलली नव्हती. कुठल्या गल्लीत पाणी आलं, होडी कुठे उभी आहे, कुणाचा म्हातारा कुठल्या शाळेत सुखरूप आहे, हे ती अखंड सांगत होती. त्याच वेळी तिकडे जयसिंगपुरात, अक्काच्या घरी, त्यांची आई वारली. अक्कानं कळवलं ते चौथ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. रस्ते बंद होते हे खरं. पण फोन चालू होता. "तुझा आवाज रेडिओवर चालू होता, कसा तोडणार?" एवढंच अक्का म्हणाली होती. हर्षदानं फोन ठेवला आणि नंतर नंबरच बदलून टाकला.

"दाजी," ती म्हणाली, "मी उद्या येते. तिला आधी सांगू नका."

*

अजिंक्यनं संवाद शोधून पडद्यावर आणला आणि खुर्ची तिच्यासाठी सरकवली. तो तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होता, भला मुलगा होता. आज त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

पहिला संदेश जूनमधला होता. 'हर्षू, मी अक्का. तुझा नंबर माझ्याकडे नाही म्हणून रेडिओच्या नंबरावर लिहिते. तू वाचशील की नाही माहीत नाही. मला बरं नाही.'

त्याखाली, अकरा सेकंदांनी: 'वाचलं अक्का. काय होतंय ते आधी सांग. भांडण नंतर करू.'

हर्षदा त्या ओळीकडे बघत राहिली. बोलण्याची ढब हुबेहूब तिची होती. फक्त एक गोष्ट वेगळी होती. तिनं स्वतः तो संदेश वाचला असता तर बहुतेक उत्तरच दिलं नसतं.

सात महिने. अकराशेवर संदेश. लहानपणीच्या भांडणांवर हसणं होतं, औषधांच्या वेळा होत्या, शेजारच्या जयमालाकाकूंच्या पापडांची आठवण होती. मधूनमधून गादीचं दुकान, ताकद देणाऱ्या पावडरीचा डबा, पाय शेकायचं यंत्र. आणि तिसऱ्या आठवड्यात हे: 'मी तुला माफ केलं असं म्हणणार नाही, अक्का. पण रागावून राहून राहून मी दमलेय गं.'

"हे वाक्य," हर्षदा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "हे मी कधीच कुणाला म्हटलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

"पण मनात आलं होतं?"

न्हाताना, बसची वाट बघताना, हे वाक्य तुकड्यातुकड्यांनी कितीदा तरी मनात येऊन गेलं होतं. तिनं ते पुरं होऊ दिलं नव्हतं इतकंच.

"ताई, त्याला माफी कळत नाही," अजिंक्य हळूच म्हणाला. "राग कळत नाही, बहीण कळत नाही. ज्या उत्तरानंतर माणूस पुन्हा लिहितो, ते उत्तर तो निवडतो. भांडण चालू राहिलं असतं तर त्या लिहायच्या थांबल्या असत्या."

"आणि 'रविवारी येते'? ते कशासाठी?"

अजिंक्यनं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "वाट बघणारा माणूस रोज लिहितो, ताई."

ती पुढे वाचत गेली. सप्टेंबरातल्या एका संदेशावर मात्र तिचं बोट थांबलं. तो अक्काकडून आलेला होता.

'हर्षू, तुला कधी सांगितलं नाही. आई त्या दुपारी रेडिओ उशाशी घेऊन पडली होती. मी फोन उचलला तर म्हणाली, नको करू, तिचं बोलणं तुटेल. हर्षू बोलतेय तोवर मी आहे.'

हर्षदानं ते तीनदा वाचलं. नऊ वर्षं छातीत जपून ठेवलेलं काहीतरी सुटत गेलं. अजिंक्य उठून बाहेर गेला आणि दार लोटून घेतलं.

निघताना ती त्याला म्हणाली, "हा एक संवाद बंद करता येईल?"

"येईल. पण उद्या सकाळपासून त्यांना उत्तर जायचं एकदम थांबेल."

"मग मी जाऊन येईपर्यंत राहू दे. मी तिच्याजवळ पोचले की तुला सांगते."

*

मंगळवारी तिनं कार्यक्रम दुसऱ्या निवेदिकेवर सोपवला आणि अकराच्या सुमारास जयसिंगपूर गाठलं.

दाजींनी आतल्या खोलीचं दार उघडलं. ही खोली हर्षदानं कधी पाहिली नव्हती, पण खोलीतली प्रत्येक वस्तू तिच्या ओळखीची होती. पाण्याची गादी, शेकायचं यंत्र, पावडरीचे चार डबे, लोकरीची शाल, कापूर जाळायचा दिवा. सगळ्या तिच्याच कार्यक्रमातल्या जाहिराती. कपाटावर तर पुऱ्या तळायची एक भलीमोठी कढई होती. ती कुणासाठी, कोण जाणे.

त्या सगळ्याच्या मधोमध अक्का पडली होती. केस विस्कटलेले, चेहरा लहान मुलीएवढा झालेला.

"आज मंगळवार ना?" हर्षदाला बघून अक्का म्हणाली. आवाज क्षीण होता, पण तक्रार तीच, जुनी, थोरल्या बहिणीची. "आधी सांगायचं तरी. केस विंचरायचे राहिलेत."

हर्षदानं खिडकीतला कंगवा घेतला आणि गादीच्या कडेला बसली. बराच वेळ ती नुसती केस विंचरत होती.

"तू सांगितलंस ते सगळं घेतलं बघ," अक्का डोळ्यांनीच खोली दाखवत म्हणाली. "यांना म्हटलं, हर्षूनं विचार करूनच सांगितलं असणार."

"अक्का," हर्षदाचा कंगवा थांबला. "ते मी लिहिलेलं नाही. एकही अक्षर नाही. रेडिओवर एक यंत्रणा आहे, ती माझ्यासारखं लिहिते. तू लिहितेस हे मला काल दुपारपर्यंत माहीतच नव्हतं."

तिला वाटलं अक्का रडेल, किंवा तोंड फिरवेल. अक्का छताकडे बघत राहिली. मग तिच्या गालाला खळी पडली.

"मग फिट्टंफाट झाली म्हणायची. मीही लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"पहिले वीसेक दिवस लिहिलं. मग बोटं वळेनात. यांनी फोनवाल्याकडून तो आपोआप उत्तरं देणारा उत्तरसाथी चालू करून आणला. माझे आधीचे मेसेज वाचून तो माझ्यासारखा लिहितो. मी नुसती वाचते. चांगलं लिहितो गं. मला सुचत नाही तेसुद्धा लिहितो."

दारात उभ्या दाजींनी मान हलवली.

हर्षदा मनाशी हिशेब करू लागली. जूनमध्ये पहिला संदेश. जुलैपासून अक्काची बोटं बंद. आणि आईचा तो संदेश सप्टेंबरचा.

"अक्का, आई म्हणाली होती ना... हर्षू बोलतेय तोवर मी आहे, असं? ते तू लिहिलं होतंस?"

"रेडिओ तिच्या उशाशी होता. एवढं खरं. पुढचं मी वाचलं तेव्हा वाटलं, हो, अशीच म्हणाली असणार. मग रोज आठवत गेले. आता तर तिच्याच आवाजात ऐकू येतं."

"पण म्हणाली होती का?"

"मी स्वयंपाकघरात होते, हर्षू." अक्काचे डोळे भरून आले, ते पुसायला हात उचलेना. "तिनं दोनदा हाक मारली. माझा तवा गॅसवर होता, पाहुणे अडकून पडलेले होते घरात. येते येते म्हणत राहिले. आत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. रेडिओवर तू बोलत होतीस. तुला फोन करून काय सांगणार होते मी? आई हाका मारत होती आणि मी भाकऱ्या थापत होते, हे?"

हर्षदानं पदरानं तिचे डोळे पुसले. नऊ वर्षं तिनं ज्या उत्तराची वाट पाहिली ते हे होतं. त्या अकराशे संदेशांत हे कुठेही नव्हतं. ऐकायला ते त्या वाक्याइतकं सुंदर नव्हतं, आणि ऐकून बरंही वाटत नव्हतं. तिनं अक्काचा निर्जीव हात दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तू विचारलंस ते बरं झालं," अक्का पुटपुटली. "तिकडची हर्षू कधी असलं विचारतच नव्हती."

थोड्या वेळानं तिला झोप लागली. बाहेर दुपारचं ऊन अंगणभर पसरलं होतं. दाजी चहा ठेवायला गेले. खोलीत अक्काच्या श्वासाचा तेवढा आवाज होता.

उशाशी ठेवलेला फोन उजळला.

'अक्का, जेवलीस का?'

वर नाव होतं: हर्षू. हर्षदाला आठवलं, पोचल्यावर अजिंक्यला कळवायचं राहून गेलं होतं. ती अजून फोनकडे बघतच होती तोवर, कुणी हात न लावता, खाली उत्तर उमटलं.

'जेवले गं. तू?'

'आज कार्यक्रम संपायला उशीर झाला. तुझी फार आठवण आली.'

'मलाही. दिवसभर खिडकीत बसले होते.'

हर्षदानं गादीकडे पाहिलं. अक्का गाढ झोपली होती. तिचे नुकते विंचरलेले केस उशीवर पसरले होते. पडद्यावर मात्र दोघी बहिणी निवांत बोलत होत्या, न थकता, एकमेकींना न दुखवता.

'रविवारी नक्की येते, अक्का.'

'ये. केस विंचरून बसेन.'

दाजी चहाचे कप घेऊन दारात आले होते. त्यांनी फोनकडे पाहिलं, झोपलेल्या बायकोकडे पाहिलं आणि समोर बसलेल्या हर्षदाकडे पाहिलं. कप त्यांनी तिथंच खाली ठेवले. "हे... हे बंद कर बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले.

हर्षदानं फोन उचलला. कुठे दाबायचं ते तिला माहीत होतं. तेवढ्यात नवी ओळ आली.

'हर्षू, आईनं जाताना अजून एक गोष्ट तुझ्यासाठी सांगितली होती. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून राहिली. सांगू का?'

आणि लगेच, तिच्या नावानं: 'सांग ना.'

पडद्यावर तीन ठिपके हलू लागले. त्या दोन हाकांपलीकडे आईचं काहीही कुणी ऐकलं नव्हतं, हे हर्षदानं आत्ताच, या खोलीत, ज्या माणसाला ठाऊक होतं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. फोन तिनं बंद करायलाच उचलला होता. मग तिचं बोट अजून हवेत का थांबलं होतं?